सदर तिन्ही इसम एकच

तहसीलसमोरच्या लिंबाखालचा टाइपरायटर जाऊन तिथं संगणक आला, पण लिंब तोच आहे आणि त्याखाली बसणाऱ्याची विचारायची रीतही तीच. मान वर न करता तो म्हणाला, "कशाचं करायचं गुरुजी? उत्पन्नाचं, रहिवाशाचं का नावाचं?"

"नावाचं."

"किती नावं?"

"तीन."

आता त्यानं मान वर केली. दोन नावांची माणसं त्याच्याकडे रोज येत असणार. तीन म्हणजे जरा जास्तच झालं.

भानगड अशी आहे. गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मी ज्ञानोबा. डी.एड.च्या प्रमाणपत्रावर आणि पुढं छत्तीस वर्षांच्या सेवापुस्तकात ज्ञानेश्वर. वडील गेल्यावर फेरफार होऊन सातबाऱ्यावर चढलो तो ज्ञानदेव. लिहिणाऱ्याला त्या दुपारी तेच नाव सुचलं असावं. इंग्रजी स्पेलिंगचा तर हिशोबच सोडा. एका कार्डावर मी 'डी'नं सुरू होतो, दुसऱ्यावर 'जी'नं, आणि पासबुकात 'डी'च्या पुढचा 'एन' गळाला आहे. नोकरीत असेतोवर ही सगळी मंडळी आपापल्या कपाटात गुण्यागोविंदानं नांदत होती. २०२४च्या ३१ मे रोजी मी निवृत्त झालो, पेन्शनच्या निमित्तानं ती पहिल्यांदाच एका टेबलावर आली, आणि कागदांचा गठ्ठा 'नावात तफावत' असा शेरा घेऊन परत आला.

लिंबाखालच्या माणसानं भराभर टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "...ज्ञानोबा, ज्ञानेश्वर व ज्ञानदेव ही तिन्ही नावे माझीच असून सदर तिन्ही इसम एकच आहेत, हे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो. बरोबर ना गुरुजी?"

"बरोबर," मी म्हणालो. पण सही करताना पेन किंचित अडखळलं. एकच आहेत? ज्ञानेश्वर सकाळी साडेनऊच्या आत मस्टरवर सही करणारा, फळ्यावर सुवाच्य अक्षरात सुविचार लिहिणारा. ज्ञानोबाला अजून उठायला उशीर होतो आणि विहिरीत सूर मारून पोहायला मिळालं तर त्याला दुसरं काही नको असतं. ज्ञानदेवाच्या नावावर अडीच एकर कापूस आहे, पण त्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. सगळं धाकटा भाऊ बघतो. हे तिघं एका पंगतीला बसले तर एकमेकांना भाजी तरी वाढतील का, मला शंका आहे. आणि मी शपथेवर सांगायचं की इसम एकच!

एक समाधान होतं. हा घोळ माझ्या नावाला नवा नाही. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणजवळ आपेगाव आहे, माउलींचं जन्मगाव मानलं जातं ते. नदी तिथून वाहत खाली आमच्या शिवाराच्या कडेनं जाते, त्यामुळं आमच्याकडं घरटी एक ज्ञानोबा सापडायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावानं 'सुधारक' पत्रात लेख लिहून मांडलं होतं, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे. त्यावर मोठा वाद झाला. एक ज्ञानदेव होते की दोन, हा वाद घालणारे गृहस्थ स्वतः दोन नावांनी वावरत होते, याची मला मोठी गंमत वाटते. तरी बरं, माउलींना पेन्शन नव्हती.

आपल्या भाषेनं 'ओळख' या एका शब्दात किती गोष्टी कोंबल्या आहेत बघा. आपण कोण, ती ओळख. दोघांची भेट घडवून देतात, तीही ओळख. साहेबाकडं कुणाची 'ओळख' असेल तर काम लवकर होतं. पैसे आले की माणूस ओळख दाखवत नाही, अडचण आली की ओळख सांगतो. मृतदेहाचीसुद्धा ओळख पटते. यातली एकही ओळख माणसाला एकट्यानं करता येत नाही, समोर दुसरा लागतोच. मराठीत ओळख असते त्यापेक्षा जास्त ती 'निघते'. आणि ती काढायचा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे आमच्या जिल्ह्यातली एसटी.

जालन्याहून अंबडमार्गे घनसावंगीकडं जाणाऱ्या गाडीत बसा. शेजारचे बाबा टोपी सारखी करतील, खिडकीबाहेर बघतील आणि अंबडची मत्स्योदरी देवीची टेकडी दिसायच्या आत सुरुवात करतील.

"कोन्या गावचे पाव्हनं?"

मी गाव सांगतो.

"हिरीकडचे का वेशीकडचे?"

"विहिरीकडचे."

"मंग भजनात पेटी वाजवायचे ते कोन तुमचे?"

"वडील."

"असं म्हना की! आवं, आमच्या धाकल्या बहिनीच्या लग्नात त्यांनी रातभर पेटी वाजवली." मग त्या बहिणीचं सासर, तिच्या जावेचं माहेर आणि त्या माहेरच्या कुणाचा तरी माझ्या शाळेतला मुलगा, असं करत करत बाबांनी मला नात्यात पार बांधून टाकलं. त्यांचा थांबा आला. "या एकदा घरी," म्हणून ते उतरले.

माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. लागलंच नाही.

कार्यालयात गेलं की नेमकं उलटं होतं. तिथं नावं तीन-तीन असतात आणि ओळख काही पटत नाही.

जन्मतारखेची कथा याहून रंगतदार. ग्रामीण महाराष्ट्रातला माझ्या वयाचा अर्धाअधिक माणूस १ जूनला जन्मला आहे. ज्योतिषाला विचारलंत तर तो म्हणेल, ग्रहांचा मोठाच योग जुळला असणार. तसं काही नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, दाखल करायला आणलेल्या पोराची तारीख आईबापांना सांगता यायची नाही, आणि वय पूर्ण भरलेलं तर दिसायला हवं. मग गुरुजी पोराचे दात बघायचे, डोक्यावरून उजवा हात पलीकडं टाकून डावा कान धरायला लावायचे, आणि रजिस्टरमध्ये १ जून टाकायचे. माझा जन्म असा १९७२च्या जूनमध्ये झाला, १९६६ साली. दुष्काळ अजून दारात यायचा होता. पुढं वर्गात सुकडी मिळायला लागली, तेव्हा शाळेत नाव असल्याचा फायदा कळला.

परिणाम असा, की जिल्ह्यात दरवर्षी ३१ मेला निरोप समारंभांची झुंबड उडते. पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. शाल-श्रीफळवाल्यांची त्या आठवड्यात दिवाळी. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तालुक्यात इतके समारंभ होते, की प्रमुख पाहुणे माझ्याकडं पोचले तेव्हा त्यांचं भाषण तिसऱ्यांदा चाललं होतं, आणि त्यांनी मध्येच मला दुसऱ्याच एका शाळेच्या नावानं गौरवलं. कुणी हललं नाही. मीही नाही.

हसायचं कुणाला, तर मला स्वतःलाच. कारण नोकरी लागल्यावर मीही हेच केलं. तांड्यावरची, वस्तीवरची लेकरं आली, बाप म्हणाला "तुमीच टाका गुरुजी काय ती," आणि मी टाकली. एक जून. किती मुलांना मी असा जन्म दिला, मोजलं नाही. आज ती कुठं ड्रायव्हर आहेत, कुठं फौजदार आहेत. १ जूनला मोबाईलवर केकांची जी रांग लागते, त्यातले काही केक माझ्या पेनातून उतरलेले आहेत.

शिक्षकाला आणखी एक काम असतं, ज्यात तो घरोघर जाऊन माणसांना विचारतो, 'तुम्ही कोण?' जनगणना. १९९१, २००१ आणि २०११, अशा तीन मी केल्या. शेवटच्या वेळी जिल्ह्यात साडेएकोणीस लाखांच्या वर माणसं भरली, त्यातली काहीशे माझ्या अक्षरातली.

१९९१ची एक दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. उंबऱ्याआड उभ्या बाईंना मी घरधन्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? पदर तोंडाशी नेऊन त्या म्हणाल्या, "ते… पंढरीचा देव न्हाई का, त्याचं."

"विठ्ठल लिहू का पांडुरंग?"

"दोनी एकच की वो गुरुजी."

त्यांचंही खरं होतं. मी विठ्ठल लिहिलं. संध्याकाळी पारावर ते गृहस्थ भेटले. नाव पांडुरंग. मी खाडाखोड करून दुरुस्त केलं, पण त्या दिवशी ते बाहेरगावी असते तर सरकारच्या लेखी विठ्ठलच राहिले असते. आज लिंबाखाली बसून 'सदर इसम एकच' ऐकताना त्या बाई आठवल्या. स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही, पाच शब्दांत प्रतिज्ञापत्र.

दुसरं घर एका तांड्यावरचं. २०११चा फेब्रुवारी. तांडे त्या दिवसांत निम्मे रिकामे असतात, धडधाकट माणसं उसतोडीला गेलेली असतात. घरी एक आजी आणि नातू. धर्माचा रकाना झाला, मग मातृभाषा. आजी नातवाशी गोरमाटीत बोलत होती, माझ्याशी मराठीत, आणि मघाशी दारात आलेल्या बांगडीवाल्याशी तिनं घासाघीस केली होती ती आमच्या दखनी हिंदीत. रकाना एक. तिनं सांगितलं तसं मी गोरमाटी लिहिलं. त्याखाली 'येत असलेल्या इतर भाषा' असाही रकाना होता, पण जागा दोनच भाषांची. तिला कारखान्यावर जाऊन जाऊन कानडीही समजत होती. कानडी तेवढी बाहेर राहिली.

"नातवाचा जन्म कुठला आजी?"

"फडात."

"म्हणजे, कोणत्या गावात?"

"उसाच्या फडात. गाव कारखान्याचं व्हतं."

"जिल्हा?"

आजीनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता माझंच नाव विचारते. "गुरुजी," ती म्हणाली, "त्यो जलमला तवा रात व्हती. जिल्हा कुनी बगितला?"

पुढची जनगणना २०२७मध्ये आहे आणि तिच्यात जातही विचारणार आहेत. मी निवृत्त आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

जात म्हटलं की आमच्या जिल्ह्याला वगळून चालत नाही. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २०२३च्या ऑगस्ट अखेरीस मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि पुढं काय झालं ते सगळ्या राज्यानं पाहिलं. त्या वादात मी इथं शिरत नाही. मी सांगतोय ते घराघरातल्या ट्रंकांचं. कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून त्या हिवाळ्यात गावोगाव माळवदावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरल्या. मोडी वाचणारी माणसं कुणाला आठवत नव्हती, त्यांना चहावर चहा मिळायला लागला. आमच्याही आजोबांची पेटी उघडली. आत एक पागोटं, एक अडकित्ता, आणि कागदांचं बोचकं. निम्मे कागद मोडीत, निम्मे उर्दूत. चार मास्तर आणि एक इंजिनीअर असलेल्या आमच्या घरात स्वतःच्या आजोबांचा एक कागद कुणाला वाचता येईना.

त्यातल्या एका पावतीवर पुतण्याला १३५२ हा आकडा लागला. त्यानं घाईनं हिशोब केला. "काका, माउलींच्या समाधीनंतर फक्त छप्पन्न वर्षं! आपलं घराणं केवढं जुनं!" घरात क्षणभर अंगावर काटा आला. मग मी ती पावती उर्दू शाळेतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडं नेली. त्यांनी चष्मा पुसला, वाचली आणि हसून म्हणाले, "सर, हे फसली साल आहे. निजामाचं. ५९१ मिळवा." खुर्दाद महिना, फसली १३५२. म्हणजे १९४३चा उन्हाळा. शेतसाऱ्याची पावती. घराणं सहाशे वर्षांनी अलीकडं आलं.

"जातीचं काही लिहिलंय का?" मी विचारलं, कारण घरच्यांनी तेवढ्यासाठीच पाठवलं होतं.

"नाव आहे. वल्द म्हणून वडिलांचं नाव आहे. आणि काश्तकार."

"म्हणजे?"

"शेती करणारा."

वल्द, म्हणजे अमक्याचा मुलगा. निजामाच्या कारकुनालाही तेच जाणून घ्यायचं होतं जे एसटीतल्या बाबांना: कोणाचे?

त्या बोचक्यावरून आजोबांचा एक वेगळाच प्रवास डोळ्यांपुढं आला. हा माणूस पंढरपूर सोडून कुठं गेला नाही. जन्मला त्याच घरात, म्हातारा झाला त्याच ओसरीवर. पण जन्मला तेव्हा तो निजामाची रयत होता. १७ सप्टेंबर १९४८ला पोलीस अ‍ॅक्शन संपली आणि तो भारताच्या हैदराबाद राज्याचा झाला. १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्याचा. १ मे १९६०ला महाराष्ट्राचा. १ मे १९८१ला औरंगाबादेतून जालना जिल्हा वेगळा निघाला आणि तो जालन्याचा झाला. यातल्या प्रत्येक सकाळी त्यानं त्याच विहिरीवर त्याच तांब्यानं अंघोळ केली. मजुरी निजामाच्या हाली रुपयांत घेतली, तालुक्याला इंग्रजी कलदारचा भाव विचारला, आणि पुढं नव्या पैशांना आयुष्यभर नावं ठेवली. वारला तेव्हा तालुका अंबड होता. पुढं घनसावंगी वेगळा झाला आणि मेलेल्या माणसाचाही पत्ता बदलला. आता तर ज्या जिल्ह्यात त्याचं बहुतेक आयुष्य गेलं, त्या जिल्ह्याचंही नाव छत्रपती संभाजीनगर आहे.

त्याला वाईट वाटायचं कारण नाही. आमच्याच तालुक्यातलं जांब बघा. तिथं १६०८मध्ये ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. तो पुढं रामदास झाला, मग समर्थ झाला. आणि जांब कधी अंबड तालुक्यात, कधी घनसावंगीत, स्वतः जांब समर्थ झालं. माणसानं नाव बदललं, मग गावानंही त्याच्यावरून बदललं.

मला पुण्यात नोकरीला असलेला मुलगा विचारतो, "बाबा, आपण नेमके कुठले?" तिथं त्याच्या बोलण्याला हसतात म्हणे. 'काय करायलाव' म्हटलं की लगेच 'मराठवाड्याचे का?' आता त्याला कसं सांगू, की जिल्ह्यातसुद्धा एक बोली नाही. आमच्या गोदाकाठी 'काय करायलाव', तर वर जाफराबादकडं, बुलडाण्याच्या शेजारी, 'काय करून राहिले'. जालना शहरात बाजारात उभं राहा, मारवाडी व्यापारी मराठीत भाव सांगतो, गिऱ्हाईक दखनीत घासतो आणि दोघं मिळून 'जालना सोने का पालना' म्हणून एकमेकांची समजूत काढतात.

मी त्याला मोसंबीचं उदाहरण देतो. जालन्याची मोसंबी म्हणजे आमचा जीव की प्राण. २०१२-१३च्या दुष्काळात बागा वाळल्या तेव्हा टँकरनं पाणी घालून माणसांनी झाडं जगवली, आणि जगली नाहीत तिथं कुऱ्हाड चालवताना डोळे पुसले. २०१६मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही जालन्याचीच, यावर सरकारी शिक्का. आता हिची वंशावळ बघा. नाव म्हणे आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून. खालचं खुंट बहुतेक ठिकाणी रंगपूर लिंबाचं, म्हणजे नाव थेट बांगलादेशातल्या गावाचं. त्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरायचा, तेव्हा झाड होतं. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं, नाव तिसऱ्याचं, आणि पाणी आमच्या विहिरीचं. कलम नीट जुळलं तर काही वर्षांनी सांधा दिसतसुद्धा नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, मी फक्त कुठले विचारलं होतं."

तर लिंबाखाली. सही झाली, शिक्का बसला. लिंबाखालचा माणूस आता मोकळा झाला होता. माझं कार्ड परत देताना त्याची नजर जन्मतारखेवर गेली आणि तो खदखदून हसला. "एक जून! गुरुजी, आमची पन तीच. त्याचं पन करायचं का प्रतिज्ञापत्र?"

मी नको म्हणालो. त्यासाठी खरी तारीख कुणी तरी सांगावी लागेल, आणि ती सांगणारी एकच साक्षीदार, माझी आई. तिचं म्हणणं एवढंच, की पोळ्याच्या दिवशी कळा सुरू झाल्या. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गाडी जुंपायला आजोबा तयार होईनात. मग वडील शेजारच्या गावी चालत गेले आणि सुईणीला चालतच घेऊन आले. तोवर दिवस उलटला. करीच्या पहाटे मी झालो. गावाला त्या वर्षीच्या बैलांची मिरवणूक आठवते, पण साल कुणाला आठवत नाही.

प्रतिज्ञापत्र दाखल झालं. पेन्शन सुरू आहे, ज्ञानेश्वर या नावानं. कापसाचा विमा ज्ञानदेवाला येतो, आला तर. आणि तुम्हाला माझ्या वाढदिवसाला फोन करायचा असेल तर १ जूनला करू नका, त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्याचे फोन लागत नाहीत. पोळ्याच्या करीला करा. आईनं उचलला तर "ज्ञानोबा आहे का?" एवढंच विचारा.